तिसरा रकाना

अमळनेरजवळच्या पातोंड्याच्या एका जिजींची दाढ माझ्या दवाखान्यात काढायची होती. वय पासष्टच्या पुढे, साखरेच्या गोळ्या सुरू, पण साखर ताब्यात. वेळ दिली होती साडेदहाची. त्या सकाळच्या यष्टीने आल्या, दहाला दहा कमी असताना बाकावर बसल्या. पाऊण वाजता असिस्टंट पोरगी धावत आत आली, तेव्हा घाम पुसून पुसून जिजींचा पदर ओला झाला होता. हात थरथरत होते. मी विचारलेलं त्यांना समजत होतं, पण उत्तर रेंगाळत येत होतं. बोटाला टोचून पाहिलं, साखर ५४. सत्तरच्या खाली आलं की आम्ही धोक्याचं समजतो. चार चमचे साखर पाण्यात घोळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, तेव्हा ८८ आली. माझ्या जिवात जीव आला.

"जिजी, सकाळी खाल्लं काय?"

"काही नही वं माय. दाढ काढनी व्हती ना, मंग उपाशीच उनू. गोळी तेवढी लिधी." म्हणजे उपाशीच आल्या होत्या, गोळी तेवढी घेतली होती.

दाढ काढायची म्हणजे उपाशी जायचं, हा समज आमच्या भागात घट्ट आहे. मोठ्या ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात, ते लोकांनी पाहिलेलं असतं. इथे मात्र फक्त हिरडीत इंजेक्शन असतं, आणि साखरेच्या माणसाने तर जेवूनच यायचं असतं. फोनवर सांगितलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. तरीही साडेदहाला त्या खुर्चीत आल्या असत्या, तर पहिला प्रश्न हाच विचारला असता आणि समोरच्या हॉटेलात पाठवून दिलं असतं. त्या सव्वादोन तास जास्त बसल्या, ते माझ्यामुळे.

त्या सकाळी घडलं ते असं. दहाची वेळ शेठची होती. शेठ म्हणजे आमच्या समोरचे कापडदुकानदार, रस्ता ओलांडला की दुकान. ते आलेच नाहीत. मधल्या वेळात एक ठणकती दाढ आली, ती बघितली. साडेदहाला जिजींना आत घेणार, तोच शेठ दारात. "दहा मिनिटांचं काम आहे ना डॉक्टर?" आणि मी त्यांना आत घेतलं. का? आता लिहिताना लाज वाटते, पण डोक्यात विचार हाच होता की जिजी बसलेल्याच आहेत, त्यांची परतीची गाडी दीडला, त्या कुठे जाणार आहेत. शेठ उठून गेले तर पुन्हा महिनाभर तोंड दाखवायचे नाहीत. त्यांच्या रूट कॅनलला पन्नास मिनिटं लागली. मग अकराचा माणूस सव्वाअकराला आला, साडेअकराची बाई बाराला, आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे जायची घाई. वेळेवर आलेलं एकच माणूस होतं, आणि सगळ्यांच्या उशिराचा भार त्याच्यावर जाऊन पडला.

मी अमळनेरमध्ये अकरा वर्षं दातांचा दवाखाना चालवते. "पेशंट उशिरा येतात" ही तक्रार मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक डॉक्टरांच्या कोंडाळ्यात केलेली आहे आणि ऐकलेली आहे. आमच्या धंद्यात ती जरा जास्त बोचते, कारण दाताचं काम घाईत उरकता येत नाही. तपासून गोळ्या लिहून द्यायच्या असतील तर पाच मिनिटांत चार माणसं होतात. खालच्या दाढेला भूल चढायलाच पाच-दहा मिनिटं जातात. मग नस साफ करायची, एक्सरेवर लांबी बघायची, औषधाने धुवायचं, वर तात्पुरतं सिमेंट लावायचं. अर्ध्यावर सोडून "बाकीचं उद्या" म्हणता येत नाही. हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेवर जंतू मारायच्या यंत्रात, १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं राहायला हवीत. तापायला आणि वाळायला लागतो तो वेळ धरला तर पाऊण-एक तास जातो. माझ्याकडे हत्यारांचे संच मोजके. दोघं उशिरा येऊन एकत्र आले की तिसऱ्यासाठी संच तयार नसतो.

जिजींच्या त्या दिवशी रात्री मी एक निळी लाँगबुक काढली. दोन रकाने आखले: दिलेली वेळ आणि आले ती वेळ. मनात होतं की महिनाभरात पुरावा जमवू आणि नाठाळ लोकांची यादी करू. दुसऱ्या दिवशी असिस्टंटने वही बघितली आणि पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला. खुर्चीत बसले ती वेळ. मी म्हटलं, हा कशाला? ती म्हणाली, "म्याडम, बोलणी मला बसतात." एवढंच म्हणून ती कापूस भरायला गेली.

दोन महिने लिहिलं. पहिल्या दोन रकान्यांत मला जे दिसायचं होतं ते दिसलंच नाही.

खेड्यावरची माणसं मारवड, डांगरी, जळोद, कळमसरे अशा गावांहून येतात. त्यांचा उशीर सगळ्यांत मोठा असेल अशी माझी खात्री होती. निघालं उलटंच. ती बहुतेक लवकर येतात, कारण यष्टी त्यांना साडेनऊलाच आणून सोडते. उशीर झाला तर दीड-दोन तासांचा होतो, अधलामधला नाही, कारण एक गाडी चुकली की पुढची तेव्हाच. रोज दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास खाणारे निघाले गावातले. पायी पाच मिनिटांवर राहणारे. बँकेतले, शाळेतले, दुकानवाले. आणि त्यातले काही माझे नातेवाईक.

तिसऱ्या रकान्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो मलाच वाचवत नव्हता. दोन महिन्यांत पहिल्या पेशंटला दिलेल्या वेळी खुर्चीत बसवलं, असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. दवाखाना दहाचा, मी येते दहा-वीसला. मग देवाला उदबत्ती, पाण्याच्या टाकीची बोंब, एखादा फोन. माझं ते "थोडंसं" रोज पुढच्या सगळ्यांच्या अंगावर जात होतं, आणि दुपारपर्यंत त्याचा तास होत होता.

वही वाचायच्या आधीच मी उपाय सुरू केले होते, आणि ते सगळे फसले. आधी पाटी लावली: "वेळेवर न आल्यास अपॉइंटमेंट रद्द होईल." एका आप्पांनी नातवाकडून ती मोठ्याने वाचून घेतली आणि बाकावरूनच विचारलं, "आनि डाक्टर येळवर नही उना ते?" अख्खा बाक हसला. पाटी आठवड्याने काढली. भिंतीला त्या खिळ्याचं भोक अजून आहे.

मग खोटी वेळ सांगायची युक्ती केली. साडेदहाच्या माणसाला दहा सांगायचं. हे बरेच डॉक्टर करतात, मला माहीत आहे. उशीर करणाऱ्यांना ती युक्ती पंधरा दिवसांत कळते, आणि ते आणखी अर्धा तास सैल सोडतात. ज्यांना कळत नाही ते सरळ लोक खरोखर दहाला येऊन बसतात. म्हणजे शिक्षा पुन्हा जिजींनाच.

मग दोनशे रुपये आगाऊ घ्यायला लागले, वेळेवर आलात तर बिलात वळते. एक साहेब तासभर उशिरा, अगदी निवांत आले. मी घड्याळाकडे पाहिलं तर म्हणाले, "दोनशे भरलेत की." आधी निदान दारात ओशाळून उभे राहायचे. आता त्यांनी उशीर विकत घेतला होता, आणि भावही मीच ठरवून दिला होता.

शेवटी शेठशी बोलायचं ठरवलं. ते पुढच्या वेळी आले, अर्थात चाळीस मिनिटं उशिरा. काम झाल्यावर मी त्यांना वही दाखवली. रागावतील वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून, खातेवही बघावी तशी ती तीन पानं बघितली. मग म्हणाले, "डॉक्टर, माझ्या गादीवरून तुमचा बाक दिसतो. बाकावर चार माणसं असली की मी कशाला उठू? इथे तासभर माशा मारण्यापेक्षा तिथे दोन गिऱ्हाइकं होतात. बाक मोकळा झाला की येतो." आणि बोट तिसऱ्या रकान्यावर ठेवून, "ही बघा तारीख. या दिवशी मी दहाला पाच कमी असताना आलो होतो. तुम्ही मला किती वाजता घेतलं?"

दहा पस्तीस.

मी त्यांना बेशिस्त समजत होते. ते हिशेब करत होते, आणि तो हिशेब चुकलेला नव्हता. फक्त त्यांना बाकावरची गर्दी दिसत होती, तिथे कोण बसलंय ते दिसत नव्हतं. जिजींची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांच्या पद्धतीने सौदा झाला: त्यांना पावणेदहाची वेळ, दवाखाना उघडायच्या आधीची. मी पावणेदहाला तयार नसेन तर त्या दिवसाची फी माफ. ते दहानंतर आले तर त्या दिवशी खुर्ची नाही, बाक कितीही मोकळा असो. त्यांची उरलेली दोन कामं आणि कॅप या सौद्यावर पार पडली. एकदा मी हरले. फी नको म्हटलं तर त्यांनी खरंच दिली नाही. व्यापारी माणूस.

त्यानंतर बदल झाले ते हळूहळू, आणि सगळे माझ्या डोक्यातून निघालेले नाहीत.

बाहेरगावच्या माणसाला आता आम्ही घड्याळाची वेळ देतच नाही. "कोणत्या गाडीने येता?" हा पहिला प्रश्न. साडेनऊच्या गाडीचे असतील तर सकाळचा पहिला भाग त्यांचा. गावातल्यांना त्यांच्यानंतर. साखरेचे, रक्तदाबाचे, म्हातारे यांना सकाळीच, आणि आदल्या संध्याकाळी असिस्टंटचा फोन: "जेवीसन या, गोळी लीसन या, उपाशी येऊ नका." ती अहिराणीत बोलते. माझ्या पुस्तकी मराठीतल्या सूचना लोक "हो हो" म्हणून सोडून देतात. तिचं मात्र ऐकतात. मी धुळ्याची, अहिराणी मला समजते, पण बोलायला गेले की लोक हसतात.

दुसरी गोष्ट लाईटची. शेतीपंपाची लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसाची पाळी असली की शेतकरी मोटर सोडून येत नाही, आणि त्याने येऊही नये. एका दादांनी तीनदा तारीख चुकवली, तेव्हा मी चिडूनच फोन केला. ते म्हणाले, "लाईट उनी, म्हनीसन मी उनू नही." यापुढे काय बोलणार? आता वहीत त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने "ला" लिहिलेलं असतं, आणि तारीख द्यायच्या आधी विचारतो की या आठवड्यात लाईट कधी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरीला जाणाऱ्या बायांना दुपारनंतरचीच वेळ. वेचणी किलोवर असते, सकाळ बुडाली की दिवस बुडाला.

मंगळवारचं वेगळंच. मंगळग्रहाच्या मंदिरात त्या दिवशी बाहेरून प्रचंड गर्दी असते. "दर्शन घेऊन येतो" म्हणणाऱ्याची रांग तासाची की तीन तासांची, ते देवालाच ठाऊक. मी म्हटलं, आधी दाढ करा, मग दर्शनाला जा. एका ताईंनी शांतपणे समजावलं की तोंड बधिर असताना प्रसाद खाता येत नाही. बरोबर आहे, ओठ-जिभेची भूल तीन-चार तास उतरत नाही, गाल चावला जातो. तेव्हापासून मंगळवारी फक्त लहान कामं: टाके काढणं, कवळीचं माप, तपासणी. श्रावणात आमच्या खानदेशात कानबाईचा सण असतो, त्या रविवारच्या आगेमागे तर वहीच कोरी ठेवते. सुरत-पुण्याची सगळी मंडळी रोटांच्या प्रसादासाठी घरी आलेली असतात. वेळ घेतात, येत मात्र कोणी नाही. आणि मे महिन्यात अकरानंतरची वेळ देणं म्हणजे माणसाला चव्वेचाळीस अंशांत रस्त्यावर काढणं. तेव्हा दवाखाना आठला उघडतो, आणि माझी परीक्षा असते.

गावातल्यांसाठी एकच नियम राहिला. उशिरा आलात तर परत पाठवणार नाही, पण उरलेल्या वेळात जेवढं बसेल तेवढंच होईल. पाऊण तासाच्या कामाला अर्धा तास उशीर केला, तर आज फक्त सिमेंट बदलून मिळेल, नस पुढच्या वेळी. फी त्या दिवसाची. याने बरंच जागेवर आलं. कोणावर रागवावं लागत नाही, काम आपोआप अपुरं राहतं. बँकेतले एक साहेब दोनदा नुसतं सिमेंट बदलून गेले, तिसऱ्यांदा पाच मिनिटं आधी आले.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तारांचे डॉक्टर धुळ्याहून येतात. त्यांना संध्याकाळी परतायचं असतं, त्यामुळे तिथे लवचिकपणा नाही. वेडेवाकडे दात सरळ करायच्या तारा साधारण चार आठवड्यांनी आवळाव्या लागतात. एक शनिवार हुकला की उपचार महिनाभर लांबतो. त्यासाठी दर तासाला चार मुलं बोलावतो, आधी येईल त्याला आधी बसवतो. एक उशिरा आला तरी बाकीचे तिघं असतात, खुर्ची थांबत नाही. हे इतकं साधं आहे की आधी का सुचलं नाही, कळत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्याकडून बिघडली, ती सांगायलाच हवी. "परत पाठवणार नाही" हा नियम सुरुवातीला नव्हता. आधी पंधरा मिनिटांचा नियम होता: पंधरा मिनिटं झाली की पुढची तारीख. मला तो फार आवडला होता, कारण त्यात विचार करावा लागत नव्हता. त्या दिवसांत मांडळकडचे एक गृहस्थ चाळीस मिनिटं उशिरा आले. चाळिशी-पंचेचाळीसचे. तक्रार काय, तर भाजीतलं तिखट तोंडाला झोंबतं. मी खुर्चीजवळ होते, असिस्टंटने नियमाप्रमाणे पुढच्या आठवड्याची तारीख दिली. ते "बरं" म्हणून गेले. आले नाहीत. माझ्याही लक्षात राहिलं नाही.

चार महिन्यांनी ते अक्कलदाढ ठणकते म्हणून आले. तोंड उघडा म्हटलं तर जेमतेम दीड बोट उघडलं. निरोगी माणसाची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. सुपारी-गुटख्याने गालाच्या आतलं मांस दोरीसारखं कडक होत जातं, आणि त्याची पहिली खूण हीच असते, तिखट झोंबणं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. त्यांच्या शर्टाच्या खिशात पुडी होती. डाव्या गालात आत मागे एक पांढरा चट्टा, कडेला लालसर. जळगावला पाठवून तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी बघितलं असतं तर चट्टा होता की नव्हता, हे मला सांगता येणार नाही. मी तोंड उघडून बघितलंच नव्हतं. ते चाळीस मिनिटं उशिरा आले होते, कारण वाटेत यष्टी बंद पडली होती. हेही मी चार महिन्यांनी विचारलं.

तेव्हापासून नवा माणूस कितीही वाजता येवो, टॉर्च लावून दोन मिनिटं तोंड बघितल्याशिवाय त्याला तारीख द्यायची नाही. त्या गृहस्थांची दर तीन महिन्यांनी तपासणी असते. पुडी सुटली आहे असं ते म्हणतात. बायकोला विचारलं की ती छताकडे बघते. त्यांच्या नावापुढे आमच्या वहीत वेळच लिहिलेली नसते.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. लग्नसराईत सगळा कारभार कोलमडतो. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते, तेव्हा आमच्या रस्त्याने दवाखान्यापर्यंत पोचणं हेच पराक्रमाचं असतं. दुखणं थांबलं की पुढची बैठक विसरणारे तर कायमचे. तात्पुरतं सिमेंट दोन-तीन आठवडे टिकतं. ही माणसं दोन महिन्यांनी येतात, आणि मधल्या काळात कोणाचं बिबडी, म्हणजे ज्वारीचा पापड, खाताना दाढेचं कपचं उडालेलं असतं. आणि मी अजूनही कधी कधी दहा-दहाला पोचते. असिस्टंट काही बोलत नाही, तिसऱ्या रकान्यात जरा दाबून लिहिते.

जिजींची दाढ नंतर निघाली. आता खालच्या कवळीसाठी येतात, माप, चावा, बसवणं, अशा चार-पाच खेपा. परवा साडेदहाला बरोबर आत घेतलं. पिशवीतून त्यांनी कवळीची जुनी डबी काढली, तिच्याखाली बिस्किटाचा पुडा होता. मी म्हटलं, जिजी, आता लगेच घेतो ना तुम्हाला, हे कशाला?

"ऱ्हाऊ दे वं माय," त्या म्हणाल्या, "तुमना काही भरोसा नही."